घरी गाडी स्प्रे करायची? घासायचं घरी, गन बाहेर

(एपिसोडचा लिखित मजकूर. बोलण्यातले 'म्हणजे' आणि 'बघा' बरेचसे तसेच ठेवलेत.)

आजचा विषय तुमच्या व्हॉइस नोट्समधून आलाय. बऱ्याच जणांचा प्रश्न थोड्याफार फरकाने एकच आहे: "भाऊ, व्हिडिओत बघितलं, एक कंप्रेसर, एक गन आणि दोन दिवस, गाडी नवी. आपल्या अंगणात होईल का?"

उत्तर आधीच सांगून टाकतो, मग कारणं बोलू. कामाचा मोठा भाग घरी होतो, आणि चांगला होतो. पण शेवटचा चकचकीत थर, ज्यासाठी आपण हा सगळा खटाटोप करतो, तो घरी मारू नका. पैसे वाचवायचे असतील तर दुसरीकडे वाचवा. का, तेच आज सांगायचंय.

मी रंगाचा माणूस नाही. बीटेक केलं, कोड लिहितो, पोटापाण्याचं काम पुण्याच्या कंपनीचं. पण वर्क फ्रॉम होम जालन्याहून चालू होतं तेव्हा पप्पांची जुनी सिल्व्हर हॅचबॅक हातात घेतली. बॉनेट आणि टपावरची चमक सोलून निघाली होती, पांढरे खवले धरले होते. गाडीची बाजारात किंमत काही फार राहिलेली नाही, अन् पप्पांना ती विकायची नाही. त्यामुळे नव्या गाडीसारखा खर्च करणं पटत नव्हतं आणि तशीच ठेवणंही बघवत नव्हतं. आणखी एक गोष्ट मध्ये होती: पप्पांना दमा आहे. ती गोष्ट शेवटी सगळ्या निर्णयाच्या मध्यभागी आली.

शिकवायला एक पेंटर चाचा भेटले. एमआयडीसीकडे त्यांचं छोटं डेंटिंग-पेंटिंगचं दुकान आहे, तीस वर्षं गन हातात. पुढे जे शहाणपणाचं वाटेल ते बहुतेक त्यांचं आहे.

कंपनीत रंग लागतो तो असा

कारखान्यात गाडीचा नुसता पत्र्याचा सांगाडा आधी धुतात, त्यावर फॉस्फेटचा थर चढवतात, आणि मग अख्खा सांगाडा प्रायमरच्या हौदात बुडवून त्यातून वीज सोडतात. विजेमुळे प्रायमर दाराच्या आतल्या फटीतसुद्धा जाऊन चिकटतो. मग भट्टी, साधारण १६० ते १८० अंश. त्यावर सरफेसर, त्यावर रंग म्हणजे बेस कोट, आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. पुन्हा भट्टी, १४० अंशांच्या आसपास. एवढं सगळं करून एकूण जाडी किती? १०० ते १५० मायक्रॉन. झेरॉक्सचा कागद साधारण १०० मायक्रॉनचा असतो. म्हणजे तुमच्या गाडीचं रूप फार तर दीड कागदाएवढं जाड आहे.

त्यातला खरा रंगाचा थर तर १५-२० मायक्रॉनच. चमक रंगाची नसतेच, चमक क्लिअरची. ऊन क्लिअरला खातं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४० च्या वर जातो आणि गाडी अंगणात उभी, त्यामुळे टप आणि बॉनेट आधी जातात, दारं टिकतात. क्लिअर एकदा सुटायला लागला की पॉलिश मारून काही होत नाही. सुटलेला पापुद्रा कितीही चमकवला तरी तो सुटलेलाच. तिथे घासून खाली उतरावंच लागतं.

तुमच्या गाडीला क्लिअर आहे की नाही हे बघायची सोपी रीत: न दिसणाऱ्या कोपऱ्यात पांढऱ्या फडक्यावर थोडं रबिंग कंपाउंड घेऊन घासा. फडक्यावर गाडीचा रंग आला तर तो एकाच थराचा रंग आहे, वर क्लिअर नाही. जुन्या पांढऱ्या आणि लाल गाड्यांत हे दिसतं. रंग आला नाही तर वर क्लिअर आहे.

आता मुद्द्याची गोष्ट. कारखान्यात सांगाडा भट्टीत जातो कारण तेव्हा त्यात वायरिंग नसतं, सीट नसते, टायर नसतात. तुमच्या गाडीत हे सगळं आहे. ती १४० अंशांत घातली तर बाहेर काय येईल विचार करा. म्हणून रिपेअरच्या रंगाला भट्टीची उष्णता मिळत नाही, फार तर ६० अंश. मग तो कडक कसा करायचा? इथे केमिस्ट्री येते, आणि घरचा धोकाही इथूनच येतो. त्यावर थोड्या वेळाने येतो, कारण आधी घासायचं आहे.

घासणे: सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात महत्त्वाचं

चाचांचं एक वाक्य: "बेटा, गन तो आखिर में दस मिनट चलती है." बाकी वेळ पेपर चालतो.

आधी गाडी शाम्पूने धुवायची, मग वॅक्स-ग्रीस काढणाऱ्या द्रवाने पुसायची. हे घासण्याआधी. उलटं केलं तर वरचं सिलिकॉन आपण पेपरने आत रगडतो. डॅशबोर्ड चमकवायचा स्प्रे, टायर पॉलिश, यात सिलिकॉन असतं, आणि रंगाला सिलिकॉनचं वावडं आहे. रंग तिथून बाजूला सरकतो आणि गोल खड्डे पडतात, त्यांना फिश आय म्हणतात. डोक्याला खोबरेल तेल लावून तोच हात पत्र्यावर टेकवला तरी हा त्रास होऊ शकतो. आई मधूनच येऊन बॉनेटला हात लावून "छान झालंय की" म्हणणार, तेही थांबवावं लागतं. मी बॉनेटवर कागद चिकटवून 'हात लावू नये' लिहिलं होतं. हसू नका.

पेपरचे नंबर साधारण असे: लांबी म्हणजे पुट्टी भरली असेल तर तिला आकार द्यायला ८० ते १२०, कडा पसरवायला १८० ते २४०, प्रायमरच्या आधी ३२० पर्यंत. प्रायमर सुकल्यावर ४०० ते ६०० वॉटर पेपर. नंबर उड्या मारून घ्यायचे नाहीत. ८० चे ओरखडे ४०० ने निघत नाहीत, फक्त लपतात. रंग मारल्यावर दोन आठवड्यांनी, सॉल्व्हंट उडून थर बसला की ते वर दिसायला लागतात. आणि पेपर नुसत्या बोटांनी धरायचा नाही, खाली रबराचा ब्लॉक घ्यायचा. बोटांनी घासलं तर बोटांएवढ्या लांब नाल्या पडतात. हाताला कळत नाहीत, पण चमक आली की टपावर पडलेलं ट्यूबलाइटचं प्रतिबिंब वाकडं दिसतं.

इथली एक युक्ती मला फार आवडली. प्रायमर सुकला की त्यावर काळ्या रंगाचा अगदी हलका, भुरभुरता फवारा मारायचा. मग ब्लॉकने घासायचं. उंच जागेवरचा काळा रंग लगेच जातो, खोलगट जागी राहतो. म्हणजे डोळ्याला न दिसणारा खड्डा काळ्या डागासारखा समोर येतो. आम्ही कोडमध्ये बग सापडावा म्हणून लॉग टाकतो ना, अगदी तसंच.

लांबीबद्दल दोन गोष्टी. एक, गंजावर लांबी भरायची नाही. पॉलिस्टर लांबी ओलावा धरते. खाली गंज असेल तर तो आतल्या आत वाढतो आणि दोन पावसाळ्यांत फुगवटा येतो. गंज चमकदार पत्रा दिसेपर्यंत काढा. दोन, तिच्यासोबत येणारी लाल ट्यूब, म्हणजे हार्डनर, वजनाच्या साधारण २ टक्के असते. लवकर सुकावी म्हणून जास्त घातली तर वरच्या रंगातून डाग उठू शकतो.

आता जालन्याची खास अडचण: पाणी. ओलं घासायला पाणी लागतं आणि आपल्याकडे पाण्याची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. २०१२-१३ च्या दुष्काळात हा जिल्हा टँकरवर होता. घरात नळाचं पाणी जपून वापरतात, म्हणून गाडीसाठी साहजिकच बोअरचं पाणी घेतलं जातं. बोअरचं पाणी जड, क्षारांचं. कुकरच्या तळाशी जो पांढरा थर बसतो तोच पत्र्यावर वाळतो. त्यावर तसाच रंग मारला तर क्षार रंगाखाली अडकतात. रंगाचा थर पूर्ण जलरोधक नसतो. पावसाळ्यात ओलावा हळूहळू आत ओढला जातो आणि क्षाराच्या जागी बारीक फोड येतात. उपाय महागडा नाही. घासायला बोअरचं पाणी चालेल, पण शेवटची धुवण आरओच्या किंवा साठवलेल्या पावसाच्या पाण्याने करा आणि वाळायच्या आत कोरड्या फडक्याने पुसा. एक बॉनेट धुवायला दोन-तीन लिटर पुरतं.

घासताना धूळ उडते, त्याला एन-९५ मास्क पुरतो. हे लक्षात ठेवा, कारण पुढे हाच मास्क पुरणार नाहीये.

गन, आणि तिच्यामागचा डॉक्टर

स्प्रे गनचा इतिहास गंमतीचा आहे. अमेरिकेतल्या टोलेडो शहरात अ‍ॅलन डेव्हिल्बिस नावाचे नाक-कान-घशाचे डॉक्टर होते. १९ व्या शतकाच्या अखेरीस त्यांनी घशात औषध फवारायचं एक यंत्र बनवलं. पुढे त्यांच्या मुलाने, टॉमसने, त्याच तत्त्वावर रंगाची गन केली. डेव्हिल्बिस नावाच्या गन आजही विकल्या जातात. म्हणजे औषध घशात नीट पोचावं म्हणून बारीक थेंब करायची कल्पना होती, तीच रंगाला लागली. हे डोक्यात ठेवा.

आपल्याकडे जुने लोक गाडीच्या रंगाला 'ड्युको' म्हणतात, तेही एका ब्रँडचं नाव. अमेरिकेच्या ड्युपाँट कंपनीचा तो नायट्रोसेल्युलोज लॅकर होता. १९२३ मध्ये जनरल मोटर्सच्या ओकलंड गाड्यांवर आला. त्याआधी गाडी रंगवून वाळायला आठवडे जायचे, ड्युकोने ते तासांवर आणलं. नाव इतकं रुजलं की आज दुसऱ्या कुठल्याही कंपनीचा डबा असला तरी गॅरेजवाला "ड्युको मारून देतो" म्हणतो.

हात कसा चालवायचा ते थोडक्यात. गन पत्र्यापासून १५ ते २० सेंटीमीटरवर, डबा असेल तर २० ते २५. मनगट फिरवायचं नाही, अख्खा हात पत्र्याला समांतर न्यायचा. ट्रिगर पत्र्याच्या कडेबाहेर दाबायचा आणि कडेबाहेर सोडायचा. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा यायला हवा. जवळ गेलात की ओघळ, लांब गेलात की रंग हवेतच सुकून पावडरसारखा खरबरीत बसतो. दोन हातांमध्ये पाच-दहा मिनिटं थांबायचं, ओली चमक जाऊन मॅट दिसेपर्यंत.

सिल्व्हर रंग असेल तर आणखी एक भानगड. त्यात अ‍ॅल्युमिनियमच्या बारीक टिकल्या असतात. त्या कशा पडतात यावर रंग ठरतो. जास्त ओला मारला तर टिकल्या बुडतात, आडव्यातिडव्या होतात आणि रंग गडद दिसतो. कोरडा मारला तर वर राहतात आणि फिका दिसतो. कोड तोच, डबा तोच, तरी शेजारच्या दाराशी जुळत नाही. म्हणून सिल्व्हरचा मधलाच ठिगळाएवढा भाग रंगवून लपत नाही, रंग शेजारच्या पॅनलवर विरत न्यावा लागतो. पहिल्यांदा हात लावणार असाल आणि गाडी साधी पांढरी असेल, तर नशीबवान आहात.

उन्हाबद्दल: ४० अंशांत थिनर इतक्या लवकर उडतो की थेंबांना पसरायला वेळच मिळत नाही, आणि संत्र्याच्या सालीसारखा पोत येतो. दुकानात संथ थिनर मागा. पावसाळ्यात उलटं. लॅकरचा थिनर उडताना पत्रा गार करतो, त्यावर हवेतली वाफ बसते आणि रंग दुधाळ होतो. मला विचाराल तर दिवाळीनंतर ते फेब्रुवारी, सकाळी दहा ते दुपारी तीन. फक्त त्याच दिवसांत शेजारी कापूस साठवलेला नाही ना बघा. पांढरे तंतू ओल्या रंगावर बसले की चिमट्याने काढत बसावं लागतं. स्टीलच्या मिलजवळ राहत असाल तर लोखंडाची बारीक धूळ हा वेगळा विषय. ती हलक्या रंगाच्या गाड्यांवर तपकिरी ठिपके सोडते.

कंप्रेसरचं एका दमात सांगतो. चांगल्या एचव्हीएलपी गनला मिनिटाला दहा-बारा घनफूट हवा लागते. घरगुती एक एचपीचा कंप्रेसर साधारण चार देतो. अर्ध्या बॉनेटवर पोचेपर्यंत गनचा दम जातो आणि फवारा थुंकायला लागतो. टायरमध्ये हवा भरायचं यंत्र घेऊन तर नादी लागूच नका.

वन-के, टू-के आणि श्वास

आता मघाशी बाजूला ठेवलेली केमिस्ट्री.

डब्यातला साधा स्प्रे बहुतेक वन-के असतो, म्हणजे एकच घटक. थिनर उडाला की रेझिन मागे उरतं, एवढंच. तो पुन्हा थिनरने विरघळतो. पेट्रोल भरताना दोन थेंब सांडले तरी मऊ पडू शकतो. आरशाचं कव्हर, व्हील कप, बंपरचा खालचा कोपरा, यासाठी ठीक. टपावर आपलं ऊन त्याला फार दिवस सोडणार नाही.

टू-के म्हणजे दोन घटक: रेझिन आणि हार्डनर. हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, बहुतेक एचडीआय या रसायनापासून केलेलं. त्याच्या टोकाला नायट्रोजन-कार्बन-ऑक्सिजनचा एक गट असतो, आणि तो गट कायम भुकेला. रेझिनमधल्या हायड्रॉक्सिल गटाला धरतो आणि युरेथेनचं जाळं विणतो. भट्टीशिवाय कडक थर मिळतो तो यामुळे. काचेसारखी चमक, पेट्रोलला न विरघळणारी, वर्षानुवर्षं उन्हात टिकणारी.

पण त्या गटाला समोर रेझिन आहे की माणूस हे कळत नाही. फुफ्फुसातल्या, कातडीतल्या प्रथिनांनाही तो तसाच धरतो. काही लोकांचं शरीर मग त्याच्याविरुद्ध सज्ज होतं, आणि एकदा झालं की पुढे अगदी नगण्य मात्रेनेही दम्याचा झटका येऊ शकतो. बऱ्याचदा काम करताना काहीच होत नाही, संध्याकाळी किंवा रात्री छाती भरून येते, त्यामुळे माणूस त्याचा संबंध रंगाशी जोडतच नाही. ब्रिटनची कामगार-सुरक्षा यंत्रणा एचएसई सांगते की तिथल्या वाहन रंगवणाऱ्यांना दमा होण्याचा धोका इतर कामगारांच्या सुमारे ८० पट आहे.

भोपाळचं नाव घ्यावं लागतं, पण जपून. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून जो वायू सुटला तो मिथाइल आयसोसायनेट, याच कुळातला. तुमच्या हार्डनरमध्ये तो नाही, घाबरवायला म्हणून सांगत नाहीये. तो ३९ अंशांच्या आसपास उकळतो, म्हणजे चटकन वायू होतो. हार्डनरमधलं रसायन जड आहे, डबा उघडा ठेवला तरी फारसं उडत नाही. पण गन काय करते? त्या जड द्रवाचे बारीक थेंब करून हवेत सोडते. जे काम रसायन स्वतः करत नव्हतं ते आपण यंत्राने करून देतो. डॉक्टर डेव्हिल्बिसचं घशाचं यंत्र आठवा.

मग मास्क? तोंडाला रुमाल म्हणजे काहीच नाही. एन-९५ थेंब काही प्रमाणात अडवेल, वाफ नाही. कोळशाचं काडतूस असलेला मास्क थिनरच्या वाफेला चांगला, म्हणून वन-के मारताना तो हवाच. पण काडतूस भरलं की आपल्याला वास येऊन कळतं, आणि आयसोसायनेटची अडचणच ही की वास येईल इतकं ते हवेत असेल तेव्हा मर्यादा केव्हाच ओलांडलेली असते. म्हणून जिथे नियम कडक आहेत तिथे बाहेरून नळीने स्वच्छ हवा येणारा मास्क, बूथ, आणि फवारणी थांबल्यावरही ठरावीक वेळ मास्क न काढणं, असं सगळं लागतं. वापरून झालेला फवारा साध्या उजेडात दिसत नाही, त्यामुळे 'धूर गेला, काढा मास्क' हा हिशोब चुकतो. शिवाय हातमोजे नायट्राइलचे, कारण कातडीतूनही शरीर सज्ज होऊ शकतं.

आता अंगणातलं चित्र डोळ्यासमोर आणा. पत्र्याचं शेड, शेजारच्यांची खिडकी आठ फुटांवर, वाळत घातलेले कपडे, आत दम्याचा पेशंट. तुम्ही मास्क लावाल, त्यांना कोण लावणार?

चाचांची गोष्ट इथेच सांगतो. ते आता गन धरत नाहीत. डॉक्टरांनी बंद करायला सांगितली. ते लांबी भरतात, घासतात, रंग जुळवतात, आणि मुलगा हार्डनरचा डबा उघडायला लागला की दुकानाबाहेर चहाच्या टपरीवर जाऊन बसतात. मी विचारलं, मास्क कधीच नव्हता? म्हणाले, "रुमाल था ना." मुलाकडे आता काडतुसाचा मास्क आहे. नळीवाला घ्यायचा विचार चाललाय.

घरात आगीचा मुद्दाही आहे, आणि तो वन-के डब्यालाही लागू. थिनरमध्ये टोल्युइन, झायलिन, अ‍ॅसिटोन अशी मंडळी असतात. टोल्युइनची वाफ ४ अंशांनाही पेट घेऊ शकते, जालन्यात एवढी थंडी कधी पडते? ही वाफ हवेपेक्षा जड, जमिनीलगत सरपटत जाते. गॅस गिझर, इन्व्हर्टरची खोली, कूलरचं बटण, आणि संध्याकाळी तुळशीपाशी लावलेला दिवा, हे सगळं त्याच उंचीवर किंवा वाटेत असतं. दिवसा काम करा, आणि दिवा लावायच्या आत वाफ पूर्ण निघून जाऊ द्या.

मग आम्ही काय केलं

वाटणी केली. खवले काढणं, गंज, लांबी, घासणं, मास्किंग, हे सगळं घरी, शनिवार-रविवार धरून तीन आठवडे. प्रायमर घरी नाही, कारण चांगला टू-के प्रायमर म्हणजे पुन्हा तोच हार्डनर, आणि वन-के प्रायमरवर टू-के क्लिअर मारला तर त्याचं सॉल्व्हंट खालचा थर फुगवतं आणि घासल्याच्या रेघा वर आणतं. म्हणून गाडी छत्रपती संभाजीनगरला बंद बूथ असलेल्या एका दुकानात नेली. प्रायमर त्यांनी मारला. गाडी घरी आणून काळ्या फवाऱ्याच्या युक्तीने मी ६०० पर्यंत घासली, परत नेली, बेस आणि क्लिअर त्यांनी मारला. मधल्या काळात गाडी पावसात ठेवायची नाही. प्रायमर पाणी पितो. उघडा पत्रा तर एक रात्रही दमट हवेत सोडू नका, सकाळी तांबूस झालेला असतो.

दुकानदार आधी तयार नव्हता. "तुम्ही घासलेल्यावर आमची गॅरंटी नाही," म्हणाला. त्याचं बरोबरच होतं. गाडी बघितली, हात फिरवला, मग तयार झाला. बिल पूर्ण कामाच्या निम्म्याहून कमी आलं, कारण या कामात मजुरीच मोठी आणि ती मी केली होती. तुम्ही जाल तेव्हा आधी बोलून घ्या, सगळीकडे ऐकतीलच असं नाही. आणि बघून घ्या की तिथे फवारणारा पोरगा काय लावून फवारतोय. आपण धोका घराबाहेर काढला म्हणजे तो दुसऱ्याच्या छातीत टाकायचा, असं नको.

आरटीओचं विचारलं होतं कोणीतरी. तोच रंग पुन्हा मारला तर आरसीत काही बदलत नाही. रंग बदलला तर आरसीवर रंगाची नोंद असते. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ च्या भाषेत गाडी आणि आरसी यांच्यात तफावत नको. म्हणून एमएच-२१ वाल्यांनी आधी जालना आरटीओत विचारून नोंद बदलून घ्यायची आणि विमा कंपनीलाही कळवायचं. रॅप लावून रंग बदलला तरी प्रश्न तोच. आणि लष्करी हिरवा, ऑलिव्ह ग्रीन, अजिबात नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ च्या नियम १२१ प्रमाणे तो फक्त संरक्षण खात्याचा.

एक शेवटचा प्रश्न, अंबडहून आलेला: कुठून तरी उरलेला हार्डनर घरात पडलाय, काय करू? तो पाण्याशीही अभिक्रिया करतो आणि त्यातून कार्बन डायऑक्साइड निघतो. डब्यात ओलावा शिरला असेल आणि झाकण घट्ट असेल तर डबा फुगतो. फुगलेला दिसला तर उघडायच्या भानगडीत पडू नका, सावलीत, मोकळ्या जागी, पोरांपासून लांब ठेवा आणि ज्या रंगाच्या दुकानातून आला त्यांना दाखवा. चांगला असेल तर एखाद्या पेंटरला देऊन टाका, त्याला तो लागतोच. नालीत, बोअरजवळ किंवा उकिरड्यावर ओतू नका. रेझिनमध्ये मिसळून झालेला उरला असेल तर उघड्यावर तसाच ठेवा, दगड होईल. पण त्याच्या जवळ बसू नका.

पुढच्या आठवड्यात हेडलाइटची पिवळी पडलेली काच, तेही बऱ्याच जणांनी मागितलंय. प्रश्न व्हॉइस नोटवर पाठवा, आणि गाडीचं मॉडेल सांगायला विसरू नका.